दाढेच्या गळूवर मेट्रोनिडाझोल घेतलं, सूज उतरली, पण आठवड्यात परत आली. औषधाला जंतू दाद देत नाहीत का?

काही देतात, काही मुळातच देत नाहीत. दाढेच्या पुवात एक जंतू नसतो, अख्खी चाळ असते. प्रेव्होटेला, फ्युसोबॅक्टेरियम ही मंडळी ऑक्सिजनशिवाय जगणारी. मेट्रोनिडाझोल अशाच पेशीत शिरून सक्रिय होतं, म्हणून ती मरतात. पण शेजारचे तोंडातले स्ट्रेप्टोकोकस त्याला भीक घालत नाहीत. त्यांच्यावर अमॉक्सिसिलिन सहसा चालतं. मात्र प्रेव्होटेलाच्या बऱ्याच जाती बीटा-लॅक्टामेज हे विकर सोडून अमॉक्सिसिलिन तोडून टाकतात. तिथे सोबत त्या विकराला (एन्झाइमला) रोखणारं क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल लागतं.

तरी तुमच्या बाबतीत मला संशय औषधाचा कमी, दाढेचा जास्त आहे. आतली नस मेली की तिथे रक्तपुरवठा उरत नाही, मग गोळी पोचणार कशी? त्यात जंतू चिकट थर करून बसलेले. रूट कॅनाल करा किंवा दाढ काढा, पू वाहून जाऊ द्या. नुसत्या गोळ्यांनी तो परत येणारच.

पुवाची कल्चर तपासणी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखणं, दर वेळी लागत नाही. केलीच तर पू सुईने ओढून, हवा लागू न देता पाठवतात. कापसाच्या बोळ्यावर घेतला तर लाळेतले जंतू मिसळतात आणि हवेने मरणारे वाटेतच मरतात.

तोंड उघडेना, गिळता येईना किंवा सूज गळ्याकडे उतरली तर थेट हॉस्पिटल गाठा.