बरं करायची नोकरी

प्रिय लेखिकाबाई,

तुझा ड्राफ्ट वाचला आणि त्यासोबत आलेलं लांबलचक पत्रही. ड्राफ्ट बरा आहे. पत्राने मात्र डोकं उठवलं, कारण त्यात तू माझ्याकडे परवानगी मागितली आहेस. निर्माता म्हणतो, डॉक्टरचे सीन कोरडे आहेत, काढ. त्याऐवजी दोन पोरांचे आणखी दोन सीन घाल. पोरगा प्रेमात पडला की आपोआप माणसात येतो असं दाखव, लोकांना तेच हवं असतं. आणि तू मला विचारतेस, ‘ताई, तसं केलं तर फार बिघडेल का हो?’

बिघडेल. त्यातून तुझ्या सांगलीच्या पोराच्या तोंडी तू घातलेली ती ओळ: ‘मी आहे ना. तू बरा होशील.’ त्या ओळीवर मी लाल पेनाने आडवी रेघ मारली आहे. कारण विचारशील म्हणून हे पत्र.

‘द एट्थ सेन्स’ ही कोरियन मालिका तू इतक्यांदा पाहिलीस की फ्रेम न् फ्रेम तोंडपाठ आहे, असं तूच लिहितेस. मीही पाहिली, तुझ्याच नादाने. आधी नाक मुरडलं होतं. दोन देखणी पोरं, समुद्र, मंद गाणी, म्हटलं आणखी एक गुलाबी प्रकरण. दहा भाग संपले तेव्हा मी वही काढून बसले होते. मला वाटतं, तू ती मनाने पाहिलीस आणि मी कारागिराच्या डोळ्याने, आणि आपल्याला त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. तुला दिसलं की जी-ह्यनच्या प्रेमाने जे-वोन सावरला. मला असं काही दिसलं नाही. पुन्हा पाहा.

जे-वोन कोण आहे? सैन्यातली सक्तीची सेवा उरकून कॉलेजात परतलेला, चांगल्या घरचा, सर्फिंग क्लबातला लोकप्रिय सीनियर. हसतो, सगळ्यांना सांभाळून घेतो. आणि आतून विझलेला आहे. धाकटा भाऊ गेलेला, त्याचा दोष त्याने स्वतःच्या माथी घेतलेला, घरात त्यावर कोणी धड बोलत नाही. ही मालिका लिहिणाऱ्यांनी या पोराला डॉक्टरच्या खोलीत नेऊन बसवलं, आणि तेही जी-ह्यन त्याच्या आयुष्यात मुरायच्या आत. हे महत्त्वाचं आहे. उपचार आधीपासून चालू आहेत, प्रेम मागून आलं. प्रेमाने त्याला दवाखान्यात नेलं नाही आणि दवाखान्यातून बाहेरही काढलं नाही.

शिवाय त्या खोलीत त्याचं पुरुषावर मन बसणं हा आजार म्हणून टेबलावर येत नाही. आजार वेगळा, प्रेम वेगळं. तुझ्या ड्राफ्टमधली डॉक्टर एका जागी म्हणते, ‘हे सगळं कधीपासून सुरू झालं?’ हे सगळं म्हणजे काय, ते स्पष्ट कर. उदासी की मुलगा आवडणं? ती संदिग्धता ठेवलीस तर तुझी डॉक्टर नालायक ठरेल. समलैंगिकता ‘बदलण्याचे’ उपचार हे आपल्याकडेही 2022 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. हे ठाऊक नसल्यासारखं लिहू नकोस.

आता जी-ह्यन. गावाकडून सोलला आलेला, बुजरा, एका हॉटेलात अर्धवेळ राबणारा. त्याला खमकी मालकीण आहे, जी त्याला जेवू घालते आणि सरळ तोंडावर बोलते. त्याचं स्वतःचं कॉलेज आहे, स्वतःची भीती आहे, स्वतःबद्दल नव्याने कळत असलेली एक गोष्ट आहे. म्हणजे त्याला काम आहे. जे-वोनला बरं करणं हे त्याचं काम नाही. बरं करायची नोकरी कुठल्याही पात्राला द्यायची नाही, हे मी तुला पहिल्या कार्यशाळेत सांगितलं होतं, तेव्हा तू मान डोलावलीस. आता मान डोलावून चालणार नाही.

मधला अपघात बघ. समुद्रात जी-ह्यनच्या जिवावर बेततं आणि जे-वोनची जुनी जखम उघडी पडते. पुन्हा एकदा आपल्यामुळे कोणाला तरी इजा झाली, असं त्याचं मन म्हणतं. तो काय करतो? दार लावून घेतो. ज्याच्यावर जीव आहे त्यालाच दूर लोटतो. तुझा निर्माता म्हणतो, इथे प्रेक्षक हीरोला शिव्या घालतील. घालू दे! उदासीने घेरलेला माणूस असाच वागतो, तो जवळच्यांना छळतो, आपण दूर गेलो तर समोरच्याचं भलं होईल असा हिशेब मांडतो. आता यातली खरी कारागिरी बघ. जी-ह्यन त्या दारापाशी उशी घेऊन झोपत नाही. तो दुखावतो, चिडतो आणि स्वतःच्या आयुष्याकडे वळतो. जे-वोनला आपल्या अंधारात आपणच हातपाय मारावे लागतात. ते पुन्हा भेटतात ते त्यानंतर. शेवट गोड आहे, तो गोडवा त्यांनी कमावलेला आहे, कारण कोणी कोणाला बरं करून दिलेलं नाही.

मालिकेच्या नावातच ते आहे: आठवी जाणीव. पाच ज्ञानेंद्रियं आपण शाळेत शिकलो. शरीरशास्त्रवाले पुढे तोल सांभाळणारी जाणीव मोजतात, हातपाय कुठे आहेत हे कळवणारी मोजतात, आणि आठवी म्हणजे शरीराच्या आतली: भूक, धडधड, छातीत अडकलेला श्वास. ही आठवी ज्याची त्यालाच असते. जे-वोनच्या पोटात काय पिळवटतंय हे जी-ह्यनला, कितीही जीव लावला तरी, कळायचं नाही. तो फक्त शेजारी बसू शकतो. शेजारी बसणं फार मोठं आहे, लिही ते, भरभरून लिही. पण बरं करायची नोकरी त्याला देऊ नकोस.

तू म्हणशील, ताई एवढ्या का पेटल्या? सांगते.

आपल्याकडे या ‘प्रेमाने बरा होईल’ची थोरली बहीण पूर्वीपासून नांदते आहे. तिचं नाव ‘लग्न करून द्या, सुधारेल’. पोरगं बोलत नाही, लग्न करून द्या. रात्र रात्र जागतं, लग्न करून द्या. मुलींकडे बघत नाही, मग तर लगेच करून द्या. माझ्या एका आतेभावाचं असंच उरकलं. त्याला नेमकं काय होतं हे कोणी विचारलं नाही, डॉक्टरचं नाव काढलं तर ‘वेड्यांचा डॉक्टर आपल्या घराला नको’. वहिनी आली. तिला कोणी सांगितलं नाही, पण मांडवातून निघाली ती थेट कामावर रुजू झाली. त्याला जेवायला उठवायचं, लोकांपुढे हसवायचं, त्याच्या वाईट दिवसांची कारणं सासूला द्यायची. तो बरा दिसला तर ‘पोरगा मार्गी लागला’, आणि ढासळला की ‘हिलाच सांभाळता आलं नाही’. या कामाला पगार नव्हता, रजा नव्हती, राजीनाम्याची सोय नव्हती. पुढे कित्येक वर्षं मी तिला सणासुदीला भेटत राहिले, आणि ती काय आहे, तिला काय हवंय, हा विषय एकदाही निघाला नाही. आजही मला ते डाचतं.

म्हणून तुझा सांगलीचा पोरगा ‘मी आहे ना’ म्हणतो तेव्हा मला वहिनी दिसते. एकविसाव्या शतकातला, गोरागोमटा, हुडी घातलेला, पण वहिनीच. तू पुरोगामी काहीतरी लिहितेस या आनंदात आहेस, आणि हातून जुनीच सून घडते आहे.

मालिकेच्या धंद्यात मी हेच सांगत बसले आणि हेकट ठरले. एका दैनंदिन मालिकेत बाळंतपणानंतर खचलेल्या सुनेचा ट्रॅक होता. मी मानसोपचारतज्ज्ञाचा सीन लिहिला. चॅनेलची नोट आली: डॉक्टर नको, नवऱ्याने गजरा आणावा, रविवारच्या महाएपिसोडला ती हसली पाहिजे. मी म्हटलं, औषध सुरू केल्यावर फरक जाणवायला साधारण दोन ते सहा आठवडे जातात, म्हणजे तुमच्या हिशेबाने बारा ते छत्तीस एपिसोड. तेवढे द्या, मी ते भरून दाखवते. समोरचे हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करतात. मी गजरा लिहिला नाही. ट्रॅक दुसऱ्याने लिहिला, सून रविवारी हसली, आणि त्या ऑफिसातून मला पुन्हा फोन आला नाही. लोक म्हणतात, एका गजऱ्यापायी चालतं काम घालवलं. म्हणू देत. तो सीन माझ्याकडे अजून आहे आणि चांगला आहे. कोणी शूट केला नाही याचं वाईट वाटतं. लिहिला याचं नाही. आणि खरं सांगायचं तर कोरियातल्या या पोरांनी तशी खोली पडद्यावर आणली तेव्हा मला त्यांचा हेवाच वाटला. माझं बरोबर होतं, हे इतक्या लांबून कोणीतरी कळवल्यासारखं वाटलं. बरं, ते जाऊ दे, पत्र तुझ्याबद्दल आहे.

‘तिकडे चालतं, आपल्याकडे चालत नाही’ हे निर्मात्याचं दुसरं पालुपद. तिकडे काय सोनं आहे? दक्षिण कोरियात आत्महत्यांचं प्रमाण ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या गटात सर्वांत जास्त आहे. पुरुषांना जवळपास दीड वर्ष सक्तीची सेवा, आणि लष्करी दंडसंहितेच्या 92-6 या कलमाखाली पुरुष सैनिकांमधल्या शरीरसंबंधांना दोन वर्षांपर्यंत कैद. 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तळाबाहेरच्या, संमतीच्या, खाजगी संबंधांना हे कलम लावता येणार नाही असं म्हटलं. ऑक्टोबर 2023 मध्ये घटनात्मक न्यायालयाने तेच कलम पुन्हा वैध ठरवलं. आपली मालिका आली ती या दोहोंच्या मध्ये, मार्च 2023 मध्ये. जे-वोन सैन्यातून परतलेला आहे. मालिका कलमावर भाषण देत नाही, पण तिथला प्रेक्षक त्या देशात राहतो. म्हणजे तिथेही वारा उलटाच होता. बेक इन-उ आणि वर्नर ड्यू प्लेसी या दोघा दिग्दर्शकांनी ती त्यातच केली, आणि इम जी-सप व ओ जुन-थेक या नटांनी मोठमोठ्या रडारडीशिवाय निभावली. कॅमेरा इतका जवळ आणि इतका हलता, की आधी मला चक्कर यायची. मग लक्षात आलं की जे-वोनला बसल्याजागी असंच होत असणार.

आता डोळे झाकून आरतीही करू नकोस. त्यातली ती जुनी मैत्रीण मला पटली नाही. कट करणारी, खुनशी, एकाच रंगाची. दोन मुलांची गोष्ट सांगायची म्हटली की एखाद्या मुलीला खलनायिका करायची ही या प्रकाराची वाईट खोड आहे, आणि तुझ्या ड्राफ्टमधली नेहा नेमकी तशीच उतरली आहे. तिला एक तरी सीन असा दे, जिथे तिचं बरोबर असेल. शेवटच्या भागांत जखमा जरा भरभर सुकतात, तेही मला खटकलं. दहा लहान भागांत मांडायचं म्हणून घाई झाली असेल. तुझ्याकडे आठ आहेत, तेव्हा आतापासून जागा राख.

डॉक्टरचे सीन कोरडे आहेत हे मात्र निर्मात्याचं खरं आहे. रागावू नकोस. तुझी डॉक्टर माहितीपत्रक वाचते. ‘नैराश्य हा आजार आहे, लाज बाळगू नये.’ कोण बोलतं असं? खोलीत दोन माणसं असतात, एकाला लपवायचं असतं आणि दुसऱ्याला घाई नसते, यात नाट्य नाही तर कशात आहे? पहिल्या भेटीत त्याला खोटं बोलू दे. झोप छान लागते म्हणू दे. दुसऱ्या भेटीला त्याला उशिरा आण. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, पहाटे जाग येते, हे चेहऱ्यावर आणि हातांवर दाखव. तो गोळ्या मध्येच सोडतो असं तू लिहिलं आहेस. सोडू दे, पण त्याचे परिणाम दाखव. आणि सांगलीचं पोरगं गोंधळलं की त्याने काय करायचं, असं तू विचारलंस. त्याने स्वतःसाठी फोन करावा. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं. मित्राला बरं कसं करू हे विचारायला त्याने फोन लावला, आणि पलीकडच्या बाईने ‘तुम्ही स्वतः कसे आहात?’ असं विचारलं, तर? मी असते तर तो सीन सर्वांत आधी लिहिला असता. तो आता तुझा.

‘मी आहे ना’ काढल्यावर तिथे काय घालू, हे विचारायला फोन करू नकोस. काही घालू नकोस. तो येतो, पोह्यांची बशी ठेवतो, स्वतःचा अभ्यास करत बसतो. जे-वोन, म्हणजे तुझा ओंकार, पोहे खात नाही. सीन संपला.

निर्मात्याशी बोलायला मला सोबत नेऊ नकोस, माझं तोंड फाटकं आहे, तुझं काम जाईल. आधी त्याला फोनचा सीन वाचायला दे, डॉक्टरचे त्यानंतर. तरीही तो गजराच मागत बसला, तर मला कळव. दुसरे निर्माते आहेत, एका-दोघांचे नंबर माझ्याकडे आहेत. नव्या ड्राफ्टची पानं दोन बाजूंनी छापू नकोस, मला समास लागतो.

तुझी,
ताई