माग बंद पडला की आई जागी होते

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीत यंत्रमागावर आहे, बारा तासांची पाळी. आई कांड्यांवर सूत भरायची. मी कविता लिहितो. परवा एका काव्यवाचनात एक प्राध्यापक म्हणाले, ‘ही कविता नाही, मोर्चातली घोषणा आहे.’ कविता सोबत पाठवतोय. कामगारानं लिहिलं की घोषणाच होते का? आणि मालक वाचेल म्हणून टोपणनाव घेतलं तर चालेल का?

उत्तर : भाऊ, प्राध्यापकांचं निम्मं बरोबर आहे. शोषण, रक्त, घाम, भांडवलदार, सगळी मंडळी तुमच्या कवितेत हजेरी लावून गेलीत. पण त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली नसावी. तळाशी तुम्ही लिहिलंय, ‘माग बंद पडला की आई दचकून जागी होते.’ हे कुठल्याही जाहीर सभेत ऐकायला मिळणार नाही. ती ओळ वर आणा आणि पहिलं कडवं खुशाल उडवा.

घोषणेचं मला वावडं नाही. मी परळच्या चाळीत वाढले. वडील साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात होते, १९८२च्या संपानंतर परत गेलेच नाहीत. मोर्चाला घोषणा लागते, तिथे नाजूक प्रतिमा घेऊन जाणाऱ्याला लोक बाजूला सारतील. पण घोषणा गर्दीला उद्देशून असते. कवितेला समोर एक माणूस लागतो.

नारायण सुर्व्यांची ‘मास्तर तुमचंच नाव लिवा’ काढून वाचा. वेश्या असलेली आई पोराला शाळेत घालायला आलीय आणि बापाच्या नावाशी गाडं अडलंय. ती समाजाशी बोलतच नाही, मास्तरांशी बोलते. सुर्वे स्वतः शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. ते टेबल त्यांना दोन्ही बाजूंनी माहीत होतं. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना’तही आधी गावाकडे राहिलेली बायको येते, तिचं रूप, निघतानाची तिची अवस्था. संयुक्त महाराष्ट्र पुष्कळ नंतर. तोवर ऐकणारा त्या माणसाचा झालेला असतो, मग मागणीही त्याला आपलीच वाटते.

तेव्हा तुमची आई कुणाशी बोलते ते ठरवा. कांड्यांचा हिशेब कसा व्हायचा, पैसे तिच्या हातात पडायचे की वडिलांच्या? तिला विचारा आणि ती सांगेल तसंच लिहा.

आणखी एक गोष्ट मला खटकली. तुमच्या कवितेत सगळे कामगार भाऊभाऊ आहेत. खरंच असतात? बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३च्या संग्रहातली त्याच नावाची कथा वाचा. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवतो, आणि ती कळल्यावर त्याला बडवणारा मालक नसतो, सोबतचे कामगारच असतात. तुमच्या हातातल्या धोट्याचीही, कांडी घालून मागावर आडवा दोरा नेणाऱ्या त्या लाकडी नळ्याचीही, अशीच गोष्ट आहे. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातून दोरा तोंडानं ओढून घेत. विटाळाच्या भीतीनं अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात घेत नसत. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. ज्या खात्याच्या पगारावर मी वाढले त्या खात्याबद्दल हे मला घरात कुणी सांगितलं नाही, पुस्तकांतून कळलं. तुमच्या शेडमध्ये आज कोण कुणाच्या डब्यातलं खात नाही, हे लिहायला मालकावर लिहिण्यापेक्षा जास्त छाती लागेल.

टोपणनाव जरूर घ्या. नोकरी घालवून कविता छापू नये. फक्त इचलकरंजी काही मुंबई नाही. आईवरची कविता वाचून चार लोक तुम्हाला ओळखतीलच. म्हणून छापायला देण्याआधी ती आईला वाचून दाखवा. ती नको म्हणाली तर थांबा. हो म्हणाली तर पहिलं कडवं काढलेला खर्डा मला पाठवा.