लिनक्स शंका-समाधान: आवृत्तीचा आकडा शेपटासकट वाचा

(कमांड, फाइलींची नावं आणि आवृत्त्या इथे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या छोट्या रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांत टाइप कराव्यात.)

प्रश्न: महाविद्यालयाच्या सर्व्हरवर डेबियन १२ हे लिनक्स आहे. सुरक्षा तपासणीच्या अहवालात ‘ओपनएसएसएच ९.२ धोकादायक, ९.८ टाका’ असा शेरा आला (ओपनएसएसएच म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करण्याचं सॉफ्टवेअर). ॲप्ट ही पॅकेजं बसवणारी कमांड मात्र सगळं अद्ययावत आहे म्हणतं. खरं कोणाचं मानायचं? — एक वाचक, सांगली

बहुधा ॲप्टचं. पण तसं लेखी उत्तर देण्याआधी खात्री करून घ्या.

१ जुलै २०२४ रोजी सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटींना दिला जाणारा सार्वत्रिक क्रमांक) ही त्रुटी जाहीर झाली. ओपनएसएसएचच्या ८.५पी१ ते ९.७पी१ या आवृत्त्यांना तिचा धोका होता आणि मूळ प्रकल्पाने ती ९.८पी१ मध्ये दुरुस्त केली. डेबियनच्या स्थिर शाखेत (म्हणजे प्रसिद्ध झालेल्या डेबियनमध्ये) अशा वेळी नवी आवृत्ती आणत नाहीत. नव्या आवृत्तीबरोबर नवे पर्याय येतात, जुने गळतात, आणि चालू सर्व्हरवरची मांडणी बिघडू शकते. म्हणून नेमकी दुरुस्ती उचलून जुन्याच कोडमध्ये बसवतात. आधीचा आकडा तसाच राहतो, बदलतं ते फक्त शेपूट. डेबियन १२ साठी ही त्रुटी १:९.२पी१-२+डेब१२यू३ मध्ये दुरुस्त झाली.

हा आकडा फोडून पाहू. सुरुवातीचा ‘१:’ म्हणजे इपॉक, तुलनेत सगळ्यात आधी पाहिला जाणारा आकडा, त्याबद्दल पुढच्या उत्तरात. ‘९.२पी१’ ही मूळ प्रकल्पाची आवृत्ती. शेवटच्या आडव्या रेघेनंतरचं ‘२’ म्हणजे डेबियनमध्ये त्या आवृत्तीचं पॅकेज कितव्यांदा बांधलं ते. आणि ‘+डेब१२यू३’ म्हणजे डेबियन १२ प्रसिद्ध झाल्यानंतरची तिसरी दुरुस्ती. तपासणीचं सॉफ्टवेअर बहुतेकदा ९.२ वरच थांबतं आणि अहवाल लाल करतं.

‘ॲप्ट पॉलिसी ओपनएसएसएच-सर्व्हर’ चालवा. ‘इन्स्टॉल्ड’पुढे यू३ किंवा त्याच्या पुढचा आकडा असेल तर ही त्रुटी तुमच्याकडे नाही. मग डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर सीव्हीई क्रमांक शोधा. कोणत्या शाखेत कोणत्या आवृत्तीत दुरुस्ती झाली याचा तक्ता तिथे मिळतो, तोच अहवालाच्या उत्तराला जोडा. ‘ॲप्ट चेंजलॉग’ही वाचावा, पण बदलनोंदीत सीव्हीई क्रमांक असतोच असं नाही. कधी कधी त्रुटी जाहीर होण्याआधी पॅकेज तयार करावं लागतं. त्यामुळे पुरावा म्हणून ट्रॅकरच ग्राह्य धरा.

आणखी एक जागा तपासा. डेबियनचा एसएसएच सर्व्हर जोडणी करणाऱ्याला स्वतःची ओळख देतो तेव्हा ‘डेबियन-२+डेब१२यू३’ हे शेपूटही सांगतो. ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ फाइलमध्ये कोणी ‘डेबियनबॅनर नो’ लिहिलं असेल तर बाहेरून फक्त ९.२पी१ दिसतं, आणि नीट लिहिलेलं तपासणी सॉफ्टवेअरही चुकीचा निष्कर्ष काढतं. हे लपवून सुरक्षितता वाढत नाही, ती ओळ काढून टाकलेली बरी.

९.८ हवंच म्हणून टेस्टिंग शाखेतून (पुढच्या डेबियनची तयारी जिथे चालते ती) पॅकेज ओढू नका. त्यामागोमाग ‘लिबसी६’सारख्या पायाभूत लायब्ररी बदलतात, आणि मग ती यंत्रणा ना स्थिर राहते ना टेस्टिंग.

प्रश्न: जुन्या टेस्टिंग मशीनवर एक्सझेड-युटिल्सची (फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनांची) आवृत्ती ५.६.१+रियली५.४.५-१ अशी दिसते. ५.६.१ तर बाधित होती ना? — एक विद्यार्थिनी, पणजी

बाधित होती, पण तुमच्याकडचा कोड ५.४.५ चा आहे. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी ५.६.० आणि ५.६.१ मध्ये दडवलेला चोरदरवाजा उघड केला. एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा त्यांनी पाठपुरावा केला आणि तो थेट इथवर पोहोचला. डेबियनमध्ये या आवृत्त्या टेस्टिंग आणि अनस्टेबलपर्यंत (नवी पॅकेजं आधी जिथे येतात ती शाखा) पोहोचल्या होत्या. त्या वेळची स्थिर शाखा ५.४.१ वर होती, तिला धक्का लागला नाही.

दुरुस्तीसाठी मागे जाणं भाग होतं, पण ॲप्ट आपणहून खालच्या आकड्याकडे जात नाही. ५.४.५ पाठवली असती तर ५.६.१ असलेल्या मशीनांनी तिच्याकडे पाहिलंही नसतं. म्हणून आकडा ५.६.१ च्या वर ठेवला आणि ‘रियली’नंतर खरी आवृत्ती लिहिली.

इपॉक वाढवूनही हे जमलं असतं, कारण ‘१:५.४.५’ हा आकडा ‘५.६.१’पेक्षा मोठा ठरतो. तुलना इपॉकपासूनच सुरू होते. पण एकदा लावलेला इपॉक कधीच काढता येत नाही. ‘रियली’ मात्र मूळ प्रकल्पाची पुढची आवृत्ती आली की आपोआप गळून पडतं.

तुलनेचे बाकीचे नियमही कळून घेण्यासारखे आहेत. आकड्यांची तुलना संख्या म्हणून होते, त्यामुळे १.१० हे १.९ पेक्षा मोठं. टिल्ड, म्हणजे ~ हे चिन्ह, कशाहीपेक्षा लहान, अगदी ‘काहीच नाही’ यापेक्षाही. म्हणून १.०~आरसी१ ही १.० च्या आधीची. बॅकपोर्टच्या (नवी आवृत्ती जुन्या डेबियनसाठी बांधलेल्या पॅकेजच्या) ‘~बीपीओ१२+१’ या शेपटातही टिल्ड याचसाठी असतो. पुढच्या डेबियनवर गेलात की तिथलं मूळ पॅकेज मोठं ठरतं आणि बॅकपोर्टची जागा घेतं. ‘डेब१२’ असा आकडा लिहिण्यामागेही तोच विचार आहे. सांकेतिक नाव घातलं असतं तर वर्णक्रम आडवा आला असता: सातवी डेबियन ‘व्हीझी’, आठवी ‘जेसी’, आणि रोमन वर्णमालेत ‘जे’ हे अक्षर ‘डब्ल्यू’च्या आधी येतं.

शंका आली तर ‘डीपीकेजी --कंपेअर-व्हर्जन्स १.०~आरसी१ एलटी १.० && एको यस’ चालवून पाहा. ‘यस’ छापलं गेलं तर पहिली आवृत्ती लहान.

प्रश्न: अपडेटनंतर प्रिंटर बंद पडला. मागची आवृत्ती टाकून ती तिथेच गोठवायची आहे. — एक वाचक, डीटीपी व्यवसाय, इचलकरंजी

आधी काय बदललं ते पाहा. ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग’मध्ये त्या दिवशीच्या प्रत्येक पॅकेजची जुनी आणि नवी आवृत्ती असते. कप्स (छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर) बदललं नसेल आणि फक्त कर्नल किंवा फिल्टर बदलले असतील तर कप्स मागे नेऊन काही हाती लागणार नाही.

कप्सच असेल तर ‘ॲप्ट लिस्ट -ए कप्स’ने कोणत्या आवृत्त्या मिळतात ते बघा. जुनी तिथे नसेल तर ‘/व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्हज’मध्ये शोधा, तिथेही नसेल तर स्नॅपशॉट.डेबियन.ऑर्गवर मिळेल. मग ‘ॲप्ट इन्स्टॉल कप्स=आवृत्ती कप्स-डेमन=आवृत्ती कप्स-क्लायंट=आवृत्ती…’ असं एकाच दमात लिहा. एकाच सोर्समधून निघालेली पॅकेजं एकमेकांची नेमकी तीच आवृत्ती मागू शकतात, एकटं कप्स मागे नेलं की ॲप्ट अडतं. आधी ‘-एस’ लावून नक्कल चालवा आणि काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी नीट वाचा.

मागे जाण्याची हमी डेबियन देत नाही. पॅकेजातल्या स्क्रिप्ट पुढे जाण्यासाठी लिहिलेल्या असतात. नव्या आवृत्तीने साठवणीचा साचा बदलला असेल तर जुनीला तो वाचता येत नाही. प्रिंटरच्या बाबतीत हे बहुधा निभावतं. डेटाबेसच्या बाबतीत बॅकअपशिवाय हात लावू नका.

गोठवण्याबद्दल. ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ सोपं आहे, पण त्याने सुरक्षा अपडेटही थांबतात, आणि वर्षभराने होल्ड लावल्याचं कोणाच्या लक्षातही राहत नाही. त्याऐवजी फक्त बिघडलेली आवृत्ती नाकारा. ‘/ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी’मध्ये फाइल करून तीन ओळी लिहा: ‘पॅकेज:’पुढे नावं, ‘पिन: व्हर्जन’पुढे बिघडलेली आवृत्ती संपूर्ण शेपटासह, आणि ‘पिन-प्रायॉरिटी: -१’. तेवढी एक आवृत्ती वगळली जाते, पुढची दुरुस्ती आली की नेहमीसारखी बसते. होल्ड लावलंच असेल तर ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ अधूनमधून पाहत जा.

प्रश्न: ‘दऱ्या’ लिहिलं की एका प्रोग्रॅममध्ये ऱ्य नीट जुळत नाही. बग कुठे आणि कसा नोंदवायचा? — एक वाचक, पुणे

अशा बगची खरी मेहनत नोंदवण्याआधीची असते. दोष चार ठिकाणी असू शकतो: मजकूर, फाँट, अक्षरं जुळवणारी हार्फबझ लायब्ररी, किंवा तो प्रोग्रॅम.

मजकुरापासून सुरू करा. ‘दऱ्या’मध्ये ऱ (यू+०९३१), हलन्त (यू+०९४डी) आणि य (यू+०९२एफ) हा क्रम हवा. साधा र (यू+०९३०) पडला असेल तर रफार येऊन ‘दर्या’ होणार, आणि तो बग नाही. शब्द फाइलमध्ये जतन करून ‘एचडी’ कमांडने बाइट पाहा: ऱ साठी ‘ई० ए४ बी१’, र साठी ‘ई० ए४ बी०’.

मग ‘एफसी-मॅच :लँग=एमआर’ने मराठीसाठी कोणता फाँट निवडला जातो ते कळेल. त्या प्रोग्रॅममध्ये दुसरा फाँट लावा. चुकीचं दिसणं थांबलं तर संशय फाँटवर. मग तोच फाँट आणि तोच शब्द ‘एचबी-व्ह्यू’ला द्या. ही कमांड हार्फबझ वापरून थेट चित्र काढते. चित्रातही शब्द तुटला तर प्रोग्रॅम निर्दोष. फायरफॉक्समध्ये ठीक आणि लिबरऑफिसमध्ये चूक दिसली तरी घाईने लिबरऑफिसला धरू नका. फायरफॉक्स हार्फबझची स्वतःची प्रत बरोबर आणतो, डेबियनचं लिबरऑफिस यंत्रणेतली वापरतं. फ्लॅटपॅकमधला प्रोग्रॅम असेल तर त्याच्या लायब्ररी वेगळ्या, डेबियनकडे तो बग जात नाही.

दोषी फाइल कोणत्या पॅकेजची हे ‘डीपीकेजी --सर्च’ आणि फाइलचा पूर्ण पत्ता देऊन कळतं. आता बग नोंदवण्याची कमांड ‘रिपोर्टबग’ आणि पॅकेजचं नाव. ज्या मशीनवर बिघाड आहे तिथूनच चालवा, कारण आवृत्ती आणि अवलंबित पॅकेजांच्या आवृत्त्या ते स्वतः भरतं. आधीच्या नोंदींची यादी दाखवील ती खरोखर वाचा. मशीनवरून मेल जात नसेल तर ‘--टेम्प्लेट’ लावून मजकूर छापून घ्या आणि सबमिट@बग्स.डेबियन.ऑर्ग इथे साध्या मजकुराच्या मेलने पाठवा. ‘पॅकेज:’ आणि ‘व्हर्जन:’ या ओळी मेलच्या अगदी सुरुवातीला हव्यात, नमस्कार-चमत्कार त्यांच्यानंतर.

रिपोर्ट इंग्रजीत लिहा. मेंटेनरला (पॅकेज सांभाळणाऱ्याला) देवनागरी वाचता येत नाही असं धरून चला: कोडपॉइंटचा क्रम, वापरलेला फाँट, चुकीचं चित्र आणि शेजारी बरोबर चित्र. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्याने कोणालाच काही करता येत नाही. एका रिपोर्टमध्ये एकच बग. तीव्रता ‘नॉर्मल’ ठेवा. ‘क्रिटिकल’, ‘ग्रेव्ह’ आणि ‘सिरियस’ या तीन पायऱ्या नव्या डेबियनचं प्रकाशन अडवू शकतात, त्या डेटा जाणं किंवा पॅकेज वापरताच न येणं अशा गोष्टींसाठी आहेत.

तुमचा ईमेल पत्ता नोंदीबरोबर जाहीर होतो, हे आधीच माहीत असू द्या. बगच्या क्रमांकावर (क्रमांक@बग्स.डेबियन.ऑर्ग) इतर कोणी लिहिलेलं उत्तर तुम्हाला आपोआप येईलच असं नाही, म्हणून ‘क्रमांक-सबस्क्राइब@बग्स.डेबियन.ऑर्ग’ या पत्त्यावर मेल करून नाव नोंदवा. नोंदीवर ‘मोअरइन्फो’ (आणखी माहिती हवी) हा टॅग लागला की चेंडू तुमच्याकडे आला. तेव्हा गप्प राहिलं की बरेच चांगले रिपोर्ट तिथेच बंद होतात.

प्रश्न: माझा बग ‘बंद’ झाला, पण माझ्या मशीनवर तो अजून आहे. — एक वाचक, नाशिक

बंद होणं आवृत्तीला बांधलेलं असतं. मेंटेनरने बदलनोंदीत ‘क्लोझेस:’ आणि क्रमांक लिहून अनस्टेबलमध्ये नवं पॅकेज पाठवलं की नोंद त्या आवृत्तीपुरती बंद होते. स्थिर शाखेत दुरुस्ती येते ती गंभीर बगची, बाकीच्यांसाठी पुढच्या डेबियनपर्यंत थांबावं लागतं. नोंदीच्या पानावर ‘फाउंड’ आणि ‘फिक्स्ड’पुढच्या आवृत्त्या बघा. तुमची आवृत्ती ‘फिक्स्ड’च्या नंतरची असूनही बिघाड असेल तर कंट्रोल@बग्स.डेबियन.ऑर्गला ‘फाउंड क्रमांक आवृत्ती’ अशी ओळ पाठवा आणि पुरावा बगच्या क्रमांकावर. नोंद पुन्हा उघडते. बंद होऊन २८ दिवस हालचाल नसेल तर नोंद संग्रहात जाते, तेव्हा आधी ‘अनआर्काइव्ह’ची ओळ लागते.

प्रश्न: उबुंटू, मिंट किंवा बॉस यांसारखं डेबियनवर आधारलेलं लिनक्स वापरत असू तरी डेबियनलाच कळवायचं का? — एक शिक्षक, रत्नागिरी

नाही. आवृत्तीत ‘उबुंटू’ हा शब्द असेल तर पॅकेज तिथे बदललेलं आहे. ‘उबुंटू-बग’ कमांडने लाँचपॅडवर (उबुंटूच्या बग-नोंदींची जागा) नोंदवा. मिंटमध्ये ‘ॲप्ट पॉलिसी’ पाहा, पॅकेज कोणत्या रेपॉझिटरीतून आलं ते तिथे दिसतं. सी-डॅकचं बॉस डेबियनवर उभं आहे, तरी त्याची पॅकेजं सी-डॅक बांधतं, म्हणून पहिली तक्रार त्यांच्याकडे. तोच बिघाड शुद्ध डेबियनवर, एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, पुन्हा घडवून दाखवता आला तर डेबियनला जरूर कळवा, आणि रिपोर्टमध्ये डेबियनमधली आवृत्ती लिहा.