घर घेतलं, आता आधी काय दुरुस्त करायचं?

प्रश्न : पुण्यात 22 वर्षं जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. हाताशी तीन लाख उरलेत. रंग आणि मॉड्युलर किचन करून घ्यायचा विचार होता. पण खालच्या काकू म्हणतात, त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल येते. आमचं बाथरूम फोडावं लागेल का?

उत्तर : रंग तूर्त थांबवा आणि फोडायचीही घाई करू नका. पाणी नेमकं कुठून जातंय हे कळल्याशिवाय फोडलेलं बाथरूम पुन्हा गळतं.

चार दिवस ते बाथरूम वापरू नका. तरीही खाली ओल तशीच राहिली, तर भिंतीतल्या नळाच्या पाइपावर संशय घ्या, कारण त्यात टाकीचं पाणी कायम भरलेलं असतं. ओल कमी झाली, तर दोष फरशीत किंवा सांडपाण्याच्या वाटेत. मग नहाणीची (फरशीतल्या पाणी जायच्या भोकाची) जाळी काढून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फडक्याचा बोळा भोकात घट्ट बसवा. उंबरठ्याच्या खाली राहील इतकं पाणी भरा, पातळीची पेन्सिलने खूण करा आणि 24 तास थांबा. खाली ओल वाढली तर फरशीचे सांधे गेलेत. नाही वाढली, पण बोळा काढून बादल्या ओतल्यावर वाढली, तर नहाणी ट्रॅपचा (जाळीखालून सांडपाणी नेणाऱ्या भागाचा) जोड सुटलाय.

सांधेच गेले असतील तर जुनं व्हाइट सिमेंट खरवडून इपॉक्सी ग्राउट (फरशीच्या फटी भरायचं पक्कं मिश्रण) भरा. ट्रॅप असेल तर तेवढाच भाग उघडा. एवढ्यानं थांबलं नाही, तरच फरशी आणि खालचा कोबा स्लॅबपर्यंत काढा. कोपऱ्यांत सिमेंटचे गोल वाटे (कोपरा गोलसर भरून घेणं), त्यावर पॉलिमर वॉटरप्रूफिंगचे दोन हात; भिंतीवर फूटभर, शॉवरमागे सहा फूट. फरशी बसवण्याआधी 48 तास पाणी भरून ठेवायला लावा. घाईत हीच पायरी गाळली जाते, म्हणून ती कामाच्या कोटेशनमध्येच लिहून घ्या.

भिंत उघडली की जुने जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप बदलून सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) टाका आणि झाकण्याआधी दाब देऊन तपासा. गिझर आणि एसीला स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची वायर, बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). भिंती वाळल्यावर रंग. किचन सगळ्यांत शेवटी.

प्रश्न : मेंटेनन्स भरला की सोसायटीचा खर्च संपला, असं समजायचं का? (ठाणे)

उत्तर : नाही. बिल उघडून दोन नावं शोधा : सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) आणि दुरुस्ती निधी. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) ते वर्षाला बांधकाम खर्चाच्या अनुक्रमे किमान 0.25 आणि 0.75 टक्के घ्यायचे असतात; जमिनीची किंमत धरायची नाही. तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च 20 लाख असेल, तर दोन्ही मिळून वर्षाला 20,000 रुपये. बिल कमी दिसावं म्हणून सोसायटीनं हे घेतलंच नसेल, तर लिफ्ट किंवा गच्चीच्या कामाला एकदम वर्गणी निघते. ती तुम्हालाही भरावी लागेल, आधीच्या मालकाच्या काळात पैसे साठले नसले तरी.

म्हणून तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) मागा. 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ते दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी व्हायला हवं. गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइपची गळती सोसायटीनं दुरुस्त करायची. तुमच्या बाथरूममधून खाली जाणारी गळती तुम्ही.