समितीत यायचंय? आधी एक बैठक नुसती बसून ऐका

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीसाठी उभं राहायचा विचार करताय, हे वाचून फार बरं वाटलं. जरूर या. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 21 नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. म्हणजे आपण तिथे पाहुणे नाही.

पण एक विचारते, का यायचंय? एखाद्या शिक्षकावरचा राग काढायला असेल, तर आधी त्यांच्याशी समोरासमोर बोला. समितीत आपलं मूल एकटं नसतं, पालकसभेला कधीच येऊ न शकणाऱ्या मजुराचं मूलही आपलंच धरावं लागतं. मला हे कळायला वर्ष गेलं.

खरं काम कागदात आहे. शाळा विकास आराखडा आपणच बनवायचा असतो, अनुदानाच्या खर्चावर लक्ष आपणच ठेवायचं. पहिल्याच बैठकीत माझ्यापुढे इतिवृत्ताची वही सरकवली, "ताई, इथे सही करा." पान कोरं होतं. मी म्हटलं, आधी लिहा, मग करते. जरा शांतता पसरली, पण त्यानंतर ठराव वाचून दाखवायची पद्धत पडली. तुम्हीही एवढं पाळाच.

आणि हो, पालकसभेआधी चार घरी जाऊन या, विशेषतः आयांशी बोला. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, हे मला एका आईनेच सांगितलं होतं.