थेरपीचा उपयोग होतोय का, हे कसं मोजायचं

ताई, मुलाच्या ऑटिझमच्या थेरपीबद्दल "फरक वाटतोय" एवढ्यावर थांबू नका. थेरपी सुरू होण्याआधी चार-पाच दिवस नुसती नोंद घ्या, नाहीतर पुढचे आकडे कशाशी ताडणार? ध्येय मोजता येईल असं हवं. "संवाद सुधारणे" नको, "तहान लागल्यावर पाणी मागणे" हवं. दहा संधींपैकी किती वेळा मागितलं, आणि मदत कशी लागली तेही लिहा: हात धरून, खुणेने, बोलून की आपणहून. आकडा तोच राहिला, पण हात धरण्याऐवजी नुसती खूण पुरली, तर ती खरी प्रगती. बहुतेक वह्यांत नेमकी तीच सुटते.

आदळआपट किती वेळा आणि किती मिनिटं, दोन्ही मोजा.

ठाण्यात घोडबंदरच्या थेरपी सेंटरमध्ये पाणी मागणारं मूल तलावपाळीवर आजीकडे मागतं का? नसेल तर कौशल्य अजून सेंटरपुरतंच आहे. थेरपिस्टना स्पष्ट सांगा.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठीच्या आयएसएए (ऑटिझम मोजायची भारतीय चाचणी) या चाचणीत ४० मुद्दे असतात. तीव्रता ठरवायला ती ठीक, पण महिन्या-महिन्याचा बारीक बदल तिच्यात उतरत नाही. ताप, औषधातला बदल, शाळेची सुट्टी त्याच तारखेसमोर टिपा. एखादा वाईट आठवडा बघून थेरपी बदलायची घाई करू नका.