घरी शिवलेला ड्रेस आणि शाळेने ठरवून दिलेलं दुकान

प्रश्न : आम्ही बेळगावात वडगावला राहतो. मी यंत्रमागावर कामाला आहे, बायको घरी शिवणकाम करते. मुलगी सातवीला, मुलगा चौथीला. दोघंही एका मराठी संस्थेच्या विनाअनुदानित, राज्य अभ्यासक्रमाच्या शाळेत जातात. शाळेने 2023 साली ड्रेस बदलला, तेव्हा दोघांचे नवे घेतले. यंदा एप्रिलमध्ये निकालाच्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, की शाळा उघडल्यावर नवीन चेक्सचा ड्रेस, शनिवारचा टी-शर्टही वेगळा, आणि सगळं एकाच दुकानातून घ्यायचं. दुकानात दोघांचे दोन-दोन जोड आणि टी-शर्ट मिळून 6,200 रुपये सांगितले. बायकोने तसंच कापड आणून मुलीचा एक जोड 480 रुपयांत शिवला. बाईंनी "शेड वेगळी आहे, दुकानाचं लेबल नाही" म्हणून मुलीला दोन दिवस ऑफिसबाहेर उभं केलं. मी गेलो तर हेडमास्तर म्हणाले, "हिजाबच्या केसमध्ये हायकोर्टानंच सांगितलंय, शाळा ठरवेल तोच ड्रेस. जमत नसेल तर टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) घेऊन जावा. आमची शाळा भाषिक अल्पसंख्याक आहे, आम्हाला ते नियम लागत नाहीत." शेजारी म्हणतात पोलिसांत जा. भाऊ म्हणतो, मराठी शाळा आधीच बंद पडायला लागल्यात, आपल्याच संस्थेविरुद्ध कर्नाटकच्या साहेबांकडे जायचं काय? ड्रेस खरोखर सक्तीचा आहे का? आम्ही काय करावं?

उत्तर : भाऊ, हेडमास्तरांचं निम्मं खरं आहे. ते निम्मं आधी मान्य करून टाकू, म्हणजे उरलेल्या निम्म्यावर नीट भांडता येईल.

शाळेला गणवेश ठरवण्याचा अधिकार आहे. एकदा तो रीतसर ठरला की मुलांनी तो घालायचा. "आम्हाला ड्रेसच नको" किंवा "आमच्या मुलीला सूट द्या" असा अर्ज घेऊन गेलात तर तुम्ही पहिल्याच पायरीवर अडाल. हिजाबच्या प्रकरणात, ठरवून दिलेला गणवेशच घालायचा या सरकारच्या 5 फेब्रुवारी 2022 च्या आदेशावर वाद झाला, आणि 15 मार्च 2022 ला कर्नाटक उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो आदेश उचलून धरला. पुढे ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही आणि प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं. तो वाद धार्मिक पेहरावाचा होता. तुमचा वाद शिलाईचा आहे. तरी हेडमास्तरांनी त्या निकालाचं नाव काढलं हे बरंच झालं, कारण त्या निकालात जो नियम उतरवून घेतला आहे तोच तुमच्या कामाचा आहे.

कर्नाटक शिक्षण कायदा 1983 चा. त्याच्याखाली 1995 साली शैक्षणिक संस्थांचं वर्गीकरण, नियमन आणि अभ्यासक्रम यांबद्दलचे नियम झाले. त्यातला नियम 11 गणवेशाचा. त्याला तीन पोटनियम आहेत. पहिला सांगतो की मान्यताप्राप्त संस्था आपला गणवेश ठरवू शकते, पण एकदा ठरवला की पुढची पाच वर्षं तो बदलता येत नाही. दुसरा म्हणतो, बदलायचाच असेल तर पालकांना किमान एक वर्ष आधी नोटीस द्यायची. तिसरा म्हणतो, गणवेश किंवा पाठ्यपुस्तकं शाळेतून घ्यायची, शाळेने सांगितलेल्या दुकानातून घ्यायची, की शाळेने सांगितलेल्या शिंप्याकडून कपडे शिवून घ्यायचे, हे पालकांच्या मर्जीवर आहे. शाळेने त्यात सक्ती करायची नाही.

शिंप्याचा उल्लेख नियमातच आहे, हे वहिनींना जरूर सांगा. 2022 मध्ये सगळा देश या नियमाच्या पहिल्या अर्ध्या ओळीवर भांडला. खालच्या ओळी वाचायची तसदी फारशी कुणी घेतली नाही, आणि दर जूनला दुकानांसमोर रांगा लावणाऱ्या पालकांना त्या कुणी सांगितल्याही नाहीत.

आता तुमचा हिशेब मांडू. ड्रेस 2023 ला बदलला, म्हणजे पाच वर्षं 2028 पर्यंत जातात. यंदाचा बदल इथेच अडतो. नोटीस एप्रिलमध्ये आली आणि शाळा उघडायला जेमतेम दोन महिनेही नव्हते. एक वर्षाची अटही मोडली. पाच वर्षांची अट ज्याने घातली त्याच्या घरी दोन-तीन पोरं असणार. आमच्या घरी थोरल्याची खाकी हाफ पँट धाकट्याला यायची आणि गुडघ्याला ठिगळ लागूनही दोन वर्षं जायची. दर दोन वर्षांनी चेक्स बदलल्या तर तुमच्या मुलीचा ड्रेस नात्यातल्या कुठल्याच धाकटीला होणार नाही.

"मूळ ड्रेस तोच, फक्त चेक्स बदलल्या" किंवा "शनिवारचा टी-शर्ट म्हणजे काय गणवेश नव्हे" असं शाळा म्हणेल. नियमात गणवेशाचा संच असा शब्द आहे. शनिवारी घालायला लावता, न घातल्यास बाहेर उभं करता, मग तो संचातच आला, असं माझं म्हणणं आहे. यावर थेट निकाल दाखवून मी तुम्हाला भुलवणार नाही. पण अधिकाऱ्यासमोर हा युक्तिवाद टिकतो.

शेडचा मुद्दा मात्र हलका समजू नका. शाळेची खरी बाजू असलीच तर ती इथेच आहे. रंग, चेक्स, कॉलर, लांबी हे शाळा ठरवू शकते, आणि वहिनींनी शिवलेला ड्रेस त्याला जुळायला हवा. म्हणून शाळेकडे लेखी मागा : कापडाचा नमुना द्या, रंग आणि मापं सांगा, मोनोग्राम वेगळा विकत द्या, आम्ही तो टाचून घेतो. नमुना दिला तर वहिनी हुबेहूब शिवतील. दिला नाही, किंवा ते कापड त्या एकाच दुकानाशिवाय कुठे मिळतच नाही असं निघालं, तर ती आडून केलेली सक्तीच झाली. दुकानाच्या लेबलची अट तर सरळ पोटनियम तीनच्या विरुद्ध आहे, तिथे शेडचा प्रश्नच येत नाही.

अल्पसंख्याक दर्जाचं काय? हेडमास्तरांनी दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमति प्रकरणात अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही असं ठरवलं. भाषिक अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक पाहायचं, हे त्याआधी 2002 च्या टी. एम. ए. पै निकालात ठरलं होतं, म्हणून कर्नाटकात मराठी संस्थेला हा दर्जा मिळू शकतो. पण गणवेशाचा नियम शिक्षण हक्क कायद्यातला नाही, तो राज्याच्या कायद्याखालचा आहे आणि मान्यताप्राप्त शाळांसाठी आहे. संस्था चालवण्याच्या हक्कात पालकांना दुकान नेमून देण्याचा हक्क येत नाही. शाळेकडे अल्पसंख्याक प्रमाणपत्राची प्रत मात्र मागा. बऱ्याचदा दर्जा तोंडावर असतो आणि कागद सापडत नाही. (सीबीएसई, आयसीएसई शाळांतल्या पालकांनी हे उत्तर जसंच्या तसं वापरू नये. त्या शाळांना कर्नाटक शिक्षण कायद्याचा बराचसा भाग लागू नाही, त्यांची वाट वेगळी.)

प्रमाणपत्र निघालं नाही तर तुमच्या हातात आणखी बळ येतं. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 17 मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. सातवीच्या मुलीला दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर उभं करणं मला तरी छळाखेरीज दुसरं काही वाटत नाही. कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणून "टीसी घेऊन जावा" ही धमकी पोकळ आहे. ती खरी होते एकाच वाटेने : तुम्ही रागाच्या भरात स्वतः अर्ज लिहून दिलात तर. तो अर्ज लिहू नका. शाळेने पुढे केलेल्या कुठल्याही कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मवर सही करू नका. प्रमाणपत्र निघालं, तरी राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करता येते. तो आयोग 2005 च्या वेगळ्या कायद्याने चालतो.

आता तुमच्या भावाचा प्रश्न. तो मला कायद्यापेक्षा अवघड वाटतो, म्हणून टाळत नाही. खानापूरपासून निपाणीपर्यंत मराठी शाळांचे पट कसे उतरत चाललेत ते आपण सगळे पाहतो. आपल्याच संस्थेची तक्रार घेऊन शिक्षण खात्यात जाताना पाय जड होतात, हे मला कळतं. पण पट का उतरतो, हेही पाहा. 6,200 रुपये न परवडणारा पालक भांडत नाही, पुढच्या वर्षी मूल गुपचूप दुसऱ्या शाळेत घालतो. म्हणून क्रम असा ठेवा : आधी संस्थेला लिहा. हेडमास्तरांना नव्हे, संस्थेच्या अध्यक्ष आणि सचिवांना. कित्येकदा दुकानाचा व्यवहार खालच्या पातळीवर ठरलेला असतो आणि व्यवस्थापनाच्या बैठकीत तो आलेलाही नसतो. पत्र एका पानाचं, नियम 11 चे तिन्ही भाग त्यात, मुलीला उभं केल्याच्या तारखा, आणि मागणी तीनच : जुना ड्रेस 2028 पर्यंत चालू द्या, घरी शिवलेला चालेल असं लेखी द्या, मुलीला पुन्हा बाहेर उभं करू नका. शक्य असेल तर आणखी चार-पाच पालकांच्या सह्या घ्या. एकट्या मुलीचं नाव पुढे राहिलं की वर्षभर तिलाच सोसावं लागतं. पत्राची प्रत शिक्का मारून परत घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपा.

पंधरा दिवस थांबा. उत्तर आलं नाही तर बेळगाव शहर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, म्हणजे बीईओंकडे जा. त्यांच्या वर उपसंचालक, डीडीपीआय. (हा जिल्हा शिक्षण खात्याने दोन तुकड्यांत विभागलाय. निपाणी, अथणी, रायबागकडच्या पालकांनी चिक्कोडीच्या उपसंचालकांकडे जायचं, बेळगावला नव्हे. एवढ्यावरून फेरी वाया गेलेले पालक मी पाहिलेत.) शिक्षण हक्क कायदा लागू असेल तर कलम 32 खाली लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो मान्य नसेल तर अपील बालहक्क आयोगाकडे जातं.

तक्रार मराठीतून चालेल का, असं तुम्ही विचारलं नाही, पण काउंटरवर ते विचारलं जाईल म्हणून सांगते. राज्यघटनेचं कलम 350 म्हणतं की गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. तेव्हा मराठी अर्ज नाकारता येत नाही. हक्क हक्काच्या जागी ठेवा आणि सोबत कानडी प्रत जोडा. हक्कासाठी भांडायला वेगळा दिवस काढता येईल. आत्ता तुम्हाला हवा आहे तो त्या टेबलावरच्या माणसाने अर्ज आजच्या आज वाचलेला. कानडी प्रत लिहून द्यायला कोर्टाच्या आवारात टायपिस्ट मिळतो.

पोलिसांत जाऊ नका. गुन्हा नोंदवायला लागलात की मूळ मुद्दा, दुकान आणि शिलाई, बाजूला पडेल आणि मुलीला साक्षीला उभं राहावं लागेल. मारहाण झाली असती तर वेगळं सांगितलं असतं. ग्राहक आयोगाचाही फार उपयोग नाही; शाळेचं शिक्षण ही ग्राहक कायद्यातली सेवा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने एकाहून जास्त निकालांत म्हटलंय. बीईओंनी अर्जावर काहीच केलं नाही, तर "अर्ज निकाली काढा" एवढ्याच मागणीसाठी उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका करता येते. तिथवर जायची वेळ बहुतेक येत नाही. आलीच तर खर्चाला घाबरू नका, विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अर्ज वहिनींच्या किंवा मुलीच्या नावाने करा, तुमच्या नावाने नको.

उद्या सकाळी मुलीने काय घालायचं? घरी शिवलेलाच ड्रेस. तिला घरी ठेवू नका, नाहीतर शाळेला "मूलच येत नाही" असं लिहायला आयतं मिळेल. डायरीत दोन ओळी लिहून द्या : "नियम 11 (3) प्रमाणे गणवेश घरी शिवला आहे. हरकत असल्यास पालकांना लेखी कळवावे." हे तिने तोंडी सांगायचं नाही, बाईंशी वाद घालायचा नाही. तुमचं भांडण तिच्या दप्तरात पाठवू नका.

पुराव्याला 2023 चा वर्गाचा ग्रुप फोटो शोधा. त्यावर सहसा शैक्षणिक वर्ष छापलेलं असतं, जुना ड्रेस केव्हापासून होता ते एका नजरेत दिसेल. तेव्हाची ड्रेसची पावती असेल तर उत्तमच. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज तारखेसकट प्रिंट करून ठेवा. ग्रुप अ‍ॅडमिन मेसेज पुसायला लागले की मग स्क्रीनशॉट मागत फिरावं लागतं. त्या दुकानातून कुण्या शेजाऱ्याने ड्रेस घेतला असेल तर तो एका दिवसासाठी मागून आणा, आणि बीईओंकडे जाताना वहिनींनी शिवलेला आणि दुकानातला, दोन्ही एकाच पिशवीत घालून न्या. टेबलावर शेजारी शेजारी पसरा आणि साहेबांनाच विचारा, यातला घरचा कुठला.